उजवी नाकपुडी

(राजारामपुरी, सकाळ. जनावरांच्या दवाखान्याच्या टेबलावर कारवान हाऊंड जातीचा कुत्रा.)

करवीर तालुक्यातल्या एका मळ्याचा हा राखणदार. उजव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येतंय.

आपल्याकडं कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की पहिला संशय गोचीड तापावर, कारण त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, घटतात. म्हणून आधी साधी रक्ततपासणी. ती टाळून थेट सीटी स्कॅन करणं म्हणजे मालकाच्या खिशाला उगाच कात्री. इथं प्लेटलेट ठीक निघाल्या. रक्तही एकाच बाजूनं. मग दुखणं नाकातच शोधायचं. एक्स-रेत नाकाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चढतात. सीटी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे काप सुटे करून दाखवतो.

(सीटीची खोली.)

माणसाला ‘हलू नका’ म्हणता येतं. कुत्र्याला भूल द्यावी लागते. या सडपातळ जातींच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळं थायोपेंटोनसारखी जुनी भूल उतरायला फार वेळ घेते. म्हणून प्रोपोफॉल, मग नळीतून गॅस. नळीचा फुगा फुगवलेला, रक्त फुप्फुसात उतरू नये म्हणून. कुत्रा पालथा, मान सरळ. डोकं जरा कललं तरी डाव्या-उजव्याची तुलना फसते. चांगल्या स्कॅनचं निम्मं श्रेय इथंच, टेक्निशियनच्या हाताला. ते त्याला क्वचित मिळतं.

एकदा साधा स्कॅन, मग शिरेतून आयोडीनचा डाय, म्हणजे रक्त पोचतं तो भाग स्कॅनवर उजळवणारं औषध, देऊन पुन्हा.

(स्क्रीन.)

करड्या रंगाच्या प्रत्येक छटेमागं एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००. सीटी यंत्र घडवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावानं ही मोजपट्टी ओळखली जाते.

डावीकडं काळ्या हवेत हाडांच्या नाजूक गुंडाळ्या. उजवीकडं त्या गायब, जागा करड्या मांसानं भरलेली. बुरशी बहुधा आतून पोखरून पोकळी ठेवते. गाठ जागा भरत जाते. हे गाठीकडं झुकतंय. आता हाडाची विंडो, म्हणजे हाड ठळक दिसेल अशी छटांची मांडणी, लावून नाक आणि मेंदूमधली चाळणीसारखी भिंत बघायची. ती शाबूत आहे.

“डॉक्टर, कॅन्सर हाय का?”

“मामा, गाठ दिसतीया. कसली, ते तुकडा तपासल्यावरच कळंल.”

तुकडा स्कॅननंतरच घ्यायचा. आधी घेतला तर सांडलेलं रक्तही गाठीसारखंच दिसतं. डॉक्टर नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजतात, चिमट्यावर तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण करतात. चिमटा त्या खुणेपलीकडं, मेंदूजवळच्या भिंतीपर्यंत, आत जाणार नाही.