‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा काय?

नमस्कार मंडळी! गो, वेंट, गॉन. शाळेत हे आपण सगळ्यांनी घोकलंय. पण ‘गो’ आणि ‘वेंट’ यांच्यात एक तरी अक्षर सारखं आहे का? नाही. मग हा त्याचा भूतकाळ झालाच कसा?

खरं तर तो त्याचा नव्हताच. इंग्रजीत ‘वेंड’ नावाचं वेगळं क्रियापद होतं. मूळ अर्थ वळणं, वळवणं; पुढे वाट धरणं, जाणं. आता माझ्यामागून मोठ्यानं म्हणा: सेंड-सेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट, वेंड… आलं ना तोंडात? वेंट!

[स्क्रीनवर चारही जोड्या एकाखाली एक]

बरं, मग ‘गो’चा स्वतःचा भूतकाळ कुठे गेला? जुन्या इंग्रजीत तो होता ‘एओदे’. गंमत म्हणजे तोही ‘गो’च्या घरातला नव्हे, निराळ्याच धातूचा. पुढे या ‘एओदे’ची ‘येदे’, ‘योदे’ अशी रूपं झाली आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’नं त्याची जागा कायमची घेतली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असं सरळ, नियमात बसणारं रूप तयार झालं. आणि बिचारा ‘वेंड’? त्याचा भूतकाळ ‘गो’नं पळवल्यावर त्याला ‘वेंडेड’वर भागवावं लागलं. आज तो जवळजवळ एकाच वाक्प्रचारात उरलाय, ‘वेंड युअर वे’, म्हणजे वाट काढत जाणं.

हे ऐकून ‘काय विचित्र भाषा आहे’ असं म्हणणार असाल, तर जरा थांबा. आपण काय म्हणतो? जातो, जाईल, जा. आणि काल? ‘गेला’! ‘ज’ कुठे गायब झाला? जाणे हे संस्कृत ‘या’ धातूवरून आलं, याति म्हणजे जातो. आणि गेला आलं ‘गम्’वरून, ‘गत’मधून. दोन धातू, एक क्रियापद. आपल्याला ते खटकत नाही, कारण आपण ते घोकलेलं नाही, ऐकत मोठे झालोय. इंग्रजी घरातली लहान मुलं मात्र ‘गोड’ म्हणतात, म्हणजे ‘गो’ला ‘एड’. मला विचाराल तर चूक मुलांची नाहीच, नियम त्यांना बरोबर कळलाय.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. ‘गम्’ आणि ‘गो’, दोन्हींत ग, दोन्हींचा अर्थ जाणं. नातेवाईक असणार, हो ना? अजिबात नाही! ‘गम्’चा इंग्रजीतला सख्खा भाऊ आहे ‘कम’, म्हणजे येणं. संस्कृतात जिथे ग असतो तिथे इंग्रजीत पुष्कळदा क सापडतो. गौ आणि काउ बघा, तसंच गम् आणि कम. असे ध्वनिबदल याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये नियमात बसवून दाखवले. होय, परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले.

[स्क्रीनवर: गौ – काउ, गम् – कम]

अर्थाकडे वळू. ‘गो’ म्हणजे फक्त जाणं नाही. दूध ‘गोज बॅड’, माणूस ‘गोज मॅड’, बेत ‘गोज राँग’. बिघडायचं असलं की ‘गो’, पण स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’. आपलीही शुद्ध जाते आणि मग माणूस शुद्धीवर येतो. अर्थात हा काही पक्का नियम नाही. मराठीत रागही येतो आणि तापही येतो!

आणि ‘गोइंग टू’? आधी ते खरंच चालण्याबद्दल होतं, काहीतरी करायला कुठेतरी निघालोय. जाता जाता त्यातलं चालणं गळलं आणि राहिला नुसता भविष्यकाळ. ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणताना पाऊस कुठे निघालेला नसतो. आपणही ‘समजावायला गेलो तर तोच चिडला’ म्हणतो तेव्हा जागचे हललेले नसतो.

इथे एक खाच आहे. बोलताना ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होतं, पण फक्त भविष्यकाळासाठी. ‘आय ॲम गॉना स्लीप’ चालतं. ‘आय ॲम गॉना लंडन’ मात्र चालत नाही. तिथे खरोखरचं जाणं आहे, त्यामुळे ‘गोइंग टू’ पूर्णच म्हणावं लागतं.