सही कोणाची, डोंगल कोणापाशी

(तहसीलचं सभागृह, टेबलावर काचेची बरणी)

आज सरपंचपदाची आरक्षण सोडत आहे, सभागृहात पाय ठेवायला जागा नाही. बरणीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, बाजूला शाळेच्या गणवेशातलं एक लहान पोरगं. कोणत्या प्रवर्गाला किती गावं हे लोकसंख्येवरून आणि आधीच्या फेऱ्यांवरून ठरतं, पण त्यातली महिलांसाठी कोणती हे बरेचदा चिठ्ठीच सांगते. पोरानं एक उचलली, साहेबांनी वाचली, "अनुसूचित जाती, महिला". मागच्या रांगेतली चार-पाच माणसं लगेच फोन कानाला लावून बाहेर. त्यातल्या एकाचं बोलणं कानावर आलं, "आपल्या इकडून कोणाले उभं करता येते ते पाय."

उभं करायचं. हा शब्द विदर्भात प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो आणि दरवेळी मला तो टोचतो, कारण त्यात उभी राहणारी बाई एक असते आणि उभी करणारे दुसरेच.

(यवतमाळ जिल्हा, सोयाबीन सोंगायचे दिवस)

गावाचं नाव सांगत नाही, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या तिथल्या सरपंच ताईंनीच नको म्हटलं. शिक्षण सातवी, स्वतःचं शेत नाही, निवडून यायच्या आदल्या हंगामापर्यंत दुसऱ्याच्या वावरात सोंगणीला जायच्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तिच्यामुळे गावागावात राखीव जागा आल्या, आणि महाराष्ट्रात 2011 पासून महिलांना निम्म्या जागा. ताईंच्या आजोबांना चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलावं लागायचं, आणि आज 26 जानेवारीला झेंडा ताई फडकवतात. हे साधं नाही. आरक्षणानं काय दिलं असं कोणी विचारलं की मी आधी हेच सांगतो.

पण निवडून आल्यावर खरी धावपळ सुरू झाली ती जात पडताळणीची. साधारण वर्षभराची मुदत असते, सरकार कधी वाढवतं, प्रमाणपत्र नाही आलं तर पद जातं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आता मजुरी करणाऱ्या घरात 1950 च्या आधी शाळेत गेलेलं कोण असणार? त्यात लग्न झालेल्या बाईची जात वडिलांकडच्या कागदावरून ठरते, म्हणजे सगळी शोधाशोध माहेरी. ताईंचा भाऊ तीनदा तहसीलला गेला, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढायला, आणि तिसऱ्या खेपेला आजोबांच्या नावाची एक जन्मनोंद सापडली, मोडी अक्षरात, कोपरा वाळवीनं खाल्लेला. त्या एका ओळीवर सरपंचपद टिकलं.

वाशिमच्या याचिकेवर 4 मार्च 2021 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा विदर्भातल्या जिल्हा परिषदांमध्ये ओबीसीच्या जागांवरून निवडून आलेल्या लोकांचीही पदं गेली होती, एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलं म्हणून. तो विषय वेगळा, मोठा आहे. पण राखीव जागेवरचा माणूस निवडून येऊनही निर्धास्त नसतो, हे तिथंही दिसलं.

(ग्रामपंचायत कार्यालय, कॉम्प्युटर)

आता ही वस्तू बघा. बोटाएवढी, पेनड्राइव्हसारखी. यात सरपंचाची डिजिटल सही असते. केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा, नालीचं बिल, मोटारीचं बिल, सगळं ऑनलाइन जातं, त्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (आधीचा ग्रामसेवक) आणि सरपंचाची सही लागते, आणि ती सही म्हणजे हे डोंगल, त्याचा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. पहिले सात महिने ताईंचं डोंगल गावातल्याच एका माणसाच्या शर्टाच्या खिशात होतं. ओटीपीसाठी दिलेला नंबरही त्याचाच. ताई ऑफिसात यायच्या, कडेच्या खुर्चीवर बसायच्या, मिटिंगच्या प्रोसिडिंगवर सही करून घरी जायच्या.

हे कसं बदललं ते त्यांच्याच तोंडून.

"मले माहीतच नोतं का त्या मशीनीत माही सही हाय म्हून. बचतगटाच्या बाईनं सांगतलं, तिचं पोट्टं ऑनलाइन सेंटरवर बसते. मंग मी ऑफिसात गेली, सगळे बसून होते, म्हटलं भाऊ, माही वस्तू मले द्या. थो म्हणे, ताई, तुम्हाले चालवता येत नाई. म्हटलं नाई येत त शिकीन, पण राहीन माह्यापाशीच."

दोन दिवस कोणी दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बचतगटाच्या अकरा बाया ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसल्या, घोषणा नाही, काही नाही, नुसत्या बसल्या. दुपारी डोंगल मिळालं. नंबर बदलायला आणखी महिना गेला.

पाच वर्षं संपली की पुन्हा सोडत होईल, कदाचित पद दुसऱ्या प्रवर्गाला जाईल, आणि हे सगळं शिकलेली बाई घरी बसेल. याचं मला फार वाईट वाटतं. खुल्या जागेवर उभ्या राहाल का, असं विचारलं तर ताई जरा थांबल्या, म्हणाल्या, "फॉर्म त भरता येते ना?"

डोंगल आता गळ्यातल्या छोट्या बटव्यात असतं, घराच्या किल्लीसोबत. आज पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिल आहे. ताईंनी आधी पावती वाचली, बोट ठेवून, एकेक आकडा, मग बटवा उघडला.