मॅक्सचं गाणं

मंडळी, 2022 च्या मे महिन्याची अखेर होती. नवतपा लागलेला. दुपारी नागपुरात धरमपेठेच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सतरा वर्षांची माझी भाची कूलरसमोर बसून, कानात इयरफोन घालून, एकच गाणं पुन्हापुन्हा ऐकत होती. मी एक इयरफोन मागून घेतला. ब्रिटिश गायिका केट बुश! 'रनिंग अप दॅट हिल', 1985 चं गाणं. कॉलेजात असताना मित्राच्या भावाने बाहेरून आणलेल्या कॅसेटवर मी ते ऐकलं होतं. म्हटलं, "अगं, हे तर आमच्या वेळचं." ती म्हणाली, "नाही मामा, हे मॅक्सचं गाणं आहे."

ते उत्तर माझ्या मनातून जाईना, म्हणून आजचा हा विषय घेतला.

मॅक्स ही 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतली मुलगी. तिचा सावत्र भाऊ तिच्या डोळ्यांदेखत मेलेला, आणि त्याचा अपराधीपणा तिला आतून पोखरतो आहे. चौथ्या पर्वात एक दुष्ट शक्ती तिला ओढून नेऊ लागते, तेव्हा मित्र धावाधाव करून तिच्या आवडत्या गाण्याची कॅसेट वॉकमनमध्ये घालतात आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवतात. त्या सुरांच्या मागे धावत ती परत येते. लक्षात घ्या, ही कथा 1986 मधली आहे. मॅक्सच्या दृष्टीने ते गाणं जेमतेम सात-आठ महिन्यांचं, ताजं. म्हणून ज्या मुलांनी ते पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यापर्यंत ते 'जुनं सोनं' म्हणून पोचलंच नाही. एका मुलीला जगायला लागणारी वस्तू म्हणून पोचलं.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. 1985 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर थांबलेलं हे गाणं 37 वर्षांनी, जून 2022 मध्ये, पहिलं आलं. तिथे ऑनलाइन ऐकण्याच्या मोजणीत जुन्या गाण्यांचं वजन निम्मं धरतात. या गाण्यापुरती ती अट बाजूला ठेवावी लागली. केट बुश आपली गाणी सहजी कुणाला वापरू देत नाहीत. पटकथेची पानं वाचून मग त्यांनी होकार दिला.

मूळ गाणं कशाबद्दल आहे? स्त्री आणि पुरुषाने देवाशी सौदा करून जागा बदलून घ्यावी, म्हणजे एकमेकांचं दुखणं कळेल. मॅक्सच्या गोष्टीत असं काही नाही. पण मेलेल्या भावाच्या जागी आपण असतो तर, ही तिची टोचणी त्या सौद्यात चपखल बसते. गाण्यात ही जागा पहिल्यापासून होती. आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो, एवढंच.

आपल्याकडेही हे घडलं आहे, आणि तेही नागपूरच्या कवीबाबत. ग्रेस. दुर्बोध म्हणून आपण त्यांना दुरूनच नमस्कार करत आलो. 'भय इथले संपत नाही' दूरदर्शनच्या 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत झालं. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. आमची आई कवितेच्या पुस्तकाला हात न लावणारी. पण ते सूर लागले की कणीक भरल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. एकदा मी ग्रेसांचा संग्रह तिच्यापुढे धरला, म्हटलं वाच. तिने ती कविता काढली, चालीतच वाचली, आणि मग पुस्तक मिटलं नाही. पुढची कविता चालीशिवाय, अडखळत, वाचू लागली.

भाचीचंही तसंच झालं. दिवाळीत आली तेव्हा, मॅक्सचं गाणं ज्यात आहे तो केट बुशचा सबंध अल्बम तिने ऐकला होता. त्याची दुसरी बाजू म्हणजे एका बाईची गोष्ट आहे. रात्रीच्या समुद्रात ती एकटी तरंगते आहे, झोप लागली तर बुडेल. मालिकेत त्याचा मागमूस नाही. भाची मला विचारत होती, "मामा, ती शेवटी वाचते का?" मी म्हटलं, आपण दोघं मिळून ऐकू. मग गच्चीवर गेलो.