वाक्याबरोबर जे जायला हवे

(दृश्य: टिळकवाडी, बेळगाव. संगणकाच्या पडद्यावर मराठी आणि कन्नड भाषांतराच्या फायली शेजारी-शेजारी उघडलेल्या.)

निवेदन:

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही सहज वाचणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यामुळे एखाद्या अ‍ॅपचे दोन्ही भाषांतील काम एकाच टेबलावर होणे इथे स्वाभाविक आहे. अडचण येते ती फायलींच्या स्वरूपाची.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बहुधा पीओ फाइल, म्हणजे मूळ वाक्ये आणि त्यांची भाषांतरे जोडीने ठेवणारी साध्या मजकुराची फाइल, हाती येते. तिच्यातील ही एक नोंद पाहा. खाली मूळ इंग्रजी वाक्य आणि भाषांतराची जागा आहे. वर हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींत ते वाक्य प्रोग्राममध्ये कुठे येते, प्रोग्रामरची सूचना काय आहे, आणि भाषांतर पुन्हा तपासायचे असल्यास 'फझी' अशी खूण आहे. भाषांतरकार एक्सेल मागतात, म्हणून ही फाइल सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमध्ये, बदलली जाते. फायलींचे स्वरूप बदलणाऱ्या ट्रान्सलेट टूलकिट या संचाची 'पीओटूसीएसव्ही' ही आज्ञा, वेगळे काही सांगितले नाही तर, वाक्याची प्रोग्राममधील जागा, मूळ आणि भाषांतर असे तीनच रकाने देते. प्रोग्रामरची सूचना मागे राहते, आणि ती मागे राहिल्याचे भाषांतरकाराला कळतही नाही. हेच नुकसान मला सर्वांत गंभीर वाटते.

अक्षरे बिघडली तर निदान डोळ्यांना दिसते. युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या किंवा कन्नडच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. एक्सेलने फाइल दुसऱ्या एन्कोडिंगची समजून उघडली की एका 'म'च्या जागी तीन विचित्र चिन्हे उमटतात. अशी फाइल जतन न करता बंद करावी आणि युटीएफ-८ निवडून पुन्हा आणावी.

सीएसव्हीवरून परत पीओ करताना तिला मूळ पीओ फाइल साचा म्हणून जोडली, तर सूचना आणि संदर्भ जागेवर राहतात. ओअ‍ॅसिस या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २००८ मध्ये प्रमाणित केलेल्या एक्सलिफ १.२ या भाषांतर-फायलींच्या स्वरूपात सूचना आणि भाषांतराची स्थिती वाक्याच्या नोंदीतच ठेवता येते, म्हणून स्वरूप बदलायचेच असेल तर मी सीएसव्हीपेक्षा एक्सलिफ सुचवेन. पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये पीओ फाइल थेट उघडते. तिथे काम जमत असेल तर बदलाची गरजच उरत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी फाइल एकही शब्द न बदलता नव्या स्वरूपात न्यावी, परत पीओमध्ये आणावी आणि मूळ फाइलशी ताडून पाहावी. भाषांतरानंतर पीओ फायलींवर चालणाऱ्या 'एमएसजीएफएमटी' या आज्ञेची तपासणी चालवावी. नाव किंवा आकडा भरण्यासाठी ठेवलेले टक्केचिन्ह वाक्यातून गळले असेल, तर ज्या नोंदींवर 'यात असे चिन्ह आहे' अशी खूण आहे त्यांतील चूक ती ओळीच्या क्रमांकासह दाखवते.