आटे गेले म्हणून हेड टाकून द्यायचं नसतं

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसणारा एक तरी माणूस पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतोच, आणि आज इथे बहुतेक तेच आलेत असं दिसतंय, त्यामुळे आटे म्हंजे बोल्टवरचे आणि भोकातले पेच, याहून जास्त सांगत बसत नाही. बोल्ट आवळता आवळता एकदम हलका होतो आणि नुसता गरागरा फिरायला लागतो, तेव्हा पोटात गोळा येतो ना, त्याच्या पुढचं बोलू.

बोल्ट स्टीलचा आणि हल्लीच्या गाड्यांचं हेड, म्हंजे इंजिनाचा सिलेंडरवरचा भाग, ॲल्युमिनियमचं, त्यामुळे मार कोण खाणार ते ठरलेलंच आहे. त्यात सगळे आटे सारखा भार उचलत नाहीत, पहिल्यावरच साधारण एक तृतीयांश येतो, म्हणून तो गेला की मागचे पाठोपाठ जातात. टपेट कव्हर, म्हंजे हेडवरचं झाकण, त्याच्या ६ एमएम बोल्टला आवळायचा जोर १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतो आणि आपण त्याला अर्धा इंची रॅचेट लावतो! दांडा लांब असला की जोर किती गेला ते हाताला कळतच नाही.

मग जुगाड सुरू. टेफ्लॉन टेप गुंडाळ, एम-सील भर, नाहीतर एक साइज मोठा बोल्ट ठोकून घुसव. हे सगळं पुढच्या सर्व्हिसपर्यंतच टिकतं, आणि ठोकलेल्या बोल्टने भोक वाकडं झालं की खरा फिटरपण वैतागतो.

नीट उपाय म्हंजे हेलिकॉइल. स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी असते, जुने आटे ड्रिलने काढायचे, किटमधला टॅप, म्हंजे आटे पाडायचं हत्यार, मारायचा, गुंडाळी बसवायची, आत परत तोच ६ एमएम आटा. ॲल्युमिनियममधला बाहेरचा आटा आता मोठ्या व्यासाचा, म्हणून नीट बसली तर मुळापेक्षा मजबूत. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात किट मागताना मात्र नुसतं 'दहाचा द्या' म्हणू नका हो, पिच, म्हंजे दोन आट्यांमधलं अंतर, सांगा, दहा एमएममध्ये १.२५ पण येतो आणि १.५ पण. आणि ड्रिल सरळ धरा, सगळा खेळ तिथेच आहे, टॅप ड्रिलच्या मागेच जातो, ड्रिल तिरकं तर बोल्ट तिरका. गुंडाळी वरच्या कडेपासून पाव-अर्धा फेरा खाली बसली पाहिजे, वर राहिली तर गॅस्केट बसणार नाही.

स्पार्क प्लगचं प्रकरण वेगळं, कारण त्या भोकाखाली थेट सिलेंडर आहे. पिस्टन खाली आणा, टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हंजे कीस त्यात चिकटतो, एक-दोन फेरे मारले की बाहेर काढून पुसा, परत ग्रीस, परत दोन फेरे. कंटाळवाणं आहे, पण घाई केलीत तर कीस पिस्टनवर. गुंडाळीच्या टोकाला आडवी शेपटी असते, तीपण लांब नाकाच्या पक्कडीने धरूनच तोडा, आत पडू देऊ नका. माझं विचाराल तर प्लगला गुंडाळीपेक्षा भरीव बुश, म्हंजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी, बरा, महाग पडतो, पण पुढच्या वेळी प्लगबरोबर बाहेर येत नाही.

नवीन प्लग आधी हातानेच फिरवा, पाना नाही. सुरुवातीला उलटा फिरवा, आटा टक्कन खाली बसतो, मग सुलटा. १४ एमएमच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, आणि काढायचा तो इंजिन गार असतानाच.

राहिलं ब्लॉकमधलं, म्हंजे इंजिनाच्या हेडखालच्या सिलेंडरवाल्या भागातलं, हेडबोल्टचं भोक. तिथे मात्र घरी ड्रिल लावू नका, ब्लॉक सरळ भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपला द्या, तिथे तो पक्का बांधून काटकोनात ड्रिल करतात. चला, आता प्रश्न विचारा, पण आधी गाडी कुठली आणि नक्की काय तोडलंत ते खरं खरं सांगा.