चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्या

ही पोटाच्या कातडीखालची चरबी, सूक्ष्मदर्शकातून दिसते तशी. मोठे गोल फुगे म्हणजे चरबीपेशी. त्यांच्या मधल्या फटीत बघा. तिथून केशवाहिनी जाते, इतकी अरुंद की तांबड्या पेशी एकामागे एकच सरकतात. तिची भिंत एका पेशीइतकीच जाड. या भिंतीतल्या पेशी म्हणजे एंडोथेलियल पेशी.

जेवणातली चरबी रक्तातून इथवर येते. भिंतीला आतून चिकटलेलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर तिचे तुकडे करतं आणि ते या पेशी ओलांडून चरबीपेशीत जातात. वजन वाढलं की चरबीपेशी फुगतात, केशवाहिन्या मात्र त्या मानाने वाढत नाहीत. प्राणवायू अपुरा पडतो, दाह वाढवणाऱ्या पेशी जमतात, कोलेजन हे तंतूंसारखं प्रथिन दाटतं. इथे जागा न मिळालेली चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते. मधुमेहाचा धोका वाढण्यामागे हे एक मोठं कारण.

भरभर चाललं, सायकल मारली की रक्ताचा वेग वाढतो. त्याचं घर्षण एंडोथेलियल पेशींना कळतं. त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि रक्त आणणाऱ्या लहान धमन्या सैलावतात. व्यायाम करवलेल्या उंदरांच्या चरबीत व्हीईजीएफ हे प्रथिनही वाढलेलं आढळलं. नव्या केशवाहिन्या फुटतात त्या याच्याच इशाऱ्यावर.

आणि माणसांत? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जेफ्री होरोविट्झ यांच्या गटाने २०२४ मध्ये अशी तुलना प्रसिद्ध केली. १६ जण वर्षानुवर्षं, आठवड्यातून किमान चारदा व्यायाम करणारे; १६ जण न करणारे. वजन सगळ्यांचंच जास्त, आणि दोन्ही गटांत अंगातली चरबीही सारखी. मला हाच तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण काट्यावर यांच्यात फरक दिसलाच नसता. व्यायाम करणाऱ्यांच्या चरबीत मात्र केशवाहिन्या जास्त होत्या, एका प्रकारचं कोलेजन कमी होतं, दाहाच्या पेशीही कमी. प्रयोगशाळेत त्यांच्या चरबीने मेद साठवूनही जास्त दाखवला.

काट्यावर न दिसणारी चरबी आपल्या भारतीयांत किती असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार आधीपासून सांगितलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.