निपाणीचा अर्ज, कोल्हापूरची नोटीस

[दृश्य : निपाणी, सकाळ. सुपात तेंदूची पाने, कात्री, तंबाखू.]

निपाणीच्या या घरात बिड्या वळण्याचे काम उजाडताच सुरू होते. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने कापायचे, त्यात तंबाखूची चिमूट पसरायची, पान बोटांनी वळून दोऱ्याने बांधायचे. सुपाशेजारी दिसणारे पाकीट कोल्हापूरच्या न्यायालयातून आलेले आहे. इथे बिड्या वळणाऱ्या बाईंच्या नवऱ्याने तिथे घटस्फोटाचा दावा दाखल केला आहे आणि तारखेला हजर राहायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवून, मुलाला शेजारी सोडून महामार्गावरची एस.टी. गाठायची.

[दृश्य : महामार्ग, कागलकडे जाणारी वाहने.]

कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर या भागातल्या मराठी घरांच्या सोयरिकी महाराष्ट्रातल्या कागल, गडहिंग्लज, चंदगड आणि मिरजेपर्यंत पसरलेल्या आहेत. लग्न जमवताना राज्याची हद्द कोणी मोजत नाही. मोडताना मात्र ती पहिल्या कागदापासूनच आडवी येते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर आहे, पण तिथला दावा कर्नाटकातल्या न्यायालयात वर्ग करून घ्यायचा असेल तर तो अधिकार ना बेंगळूरुच्या उच्च न्यायालयाला आहे, ना मुंबईच्या. दोन राज्यांमधला दिवाणी दावा वर्ग करण्यासाठी दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो.

दिल्लीचे नाव ऐकून अनेक जणी तिथेच थांबतात, आणि मग पंचांसमोर बाँडपेपरवर ‘फारकत’ लिहून घेतली जाते. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. एरवी हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न अशा कागदाने मोडत नाही. त्यावर सही करणाऱ्या बाईच्या हाती ना घटस्फोट लागतो, ना पोटगी.

[दृश्य : न्यायालयाचे आवार, विधी सेवा समितीच्या खोलीबाहेरचे बाक.]

या बाकावर बसलेल्या बहुतेक जणींना कोणी ना कोणी सांगितलेले असते की वकील परवडणार नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि मुले यांना मोफत विधी सेवा मिळते, आणि त्यासाठी त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, निकालाच्या प्रमाणित प्रती, कागदपत्रांचे भाषांतर हे सगळे त्या सेवेत बसते. सर्वोच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती असल्यामुळे दिल्लीच्या अर्जालाही वकील मिळतो.

[दृश्य : टेबलावर पसरलेला अर्ज. वकील वाचून दाखवत आहेत.]

पोटगीसाठी दिल्लीपर्यंत जावे लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालचा अर्ज, जो 1 जुलै 2024 च्या आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होत असे, बायको जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येतो, आणि तो कोणत्याही धर्माच्या स्त्रीला खुला आहे. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे तो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. इथल्या न्यायालयांचे कामकाज कन्नडमध्ये चालते, त्यामुळे अर्जही बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत तयार होतो. म्हणून तो ओळीनओळ मराठीत समजावून घेतल्याशिवाय कोणीही त्यावर सही करू नये, इतका आग्रह या निवेदनाने धरायलाच हवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या एका निकालानंतर अर्जासोबत उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. बाईंच्या प्रतिज्ञापत्रात बिडीच्या मजुरीचा आकडा आहे. नवऱ्याने त्याची शेती, पगार, बँकेतली शिल्लक आणि कर्ज मांडायचे आहे. ‘मी बेकार आहे’ एवढ्या तोंडी वाक्यावर आता निभावत नाही. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे अर्ज लांबणीवर टाकला तर मधल्या महिन्यांचे पैसे सहसा हातचे जातात.

[दृश्य : मराठी शाळेचे फाटक, दप्तर घेऊन निघालेला मुलगा.]

मुलाच्या ताब्याचा अर्ज, 1890 च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात होतो. शाळेचा हा साधा दाखला म्हणूनच फायलीत वरच्या बाजूला लावलेला आहे. पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. त्यापुढच्या वयात न्यायाधीश मुलाचे हित पाहतात, आणि मूल पुरेसे जाणते असेल तर त्याची इच्छाही विचारतात. ताबा आईकडे गेला तरी वडिलांची खर्चाची जबाबदारी सुटत नाही, आणि त्यांचा भेटीचा हक्कही सहसा राहतो.

[दृश्य : आवारातला फलक.]

पोटगीचा हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे.